तासाला एक सेंटिमीटर

जिनिव्हा शहराच्या पश्चिमेला दोन नद्यांचा संगम आहे. सरोवरातून बाहेर पडलेली ऱ्होन तिथे निळसर हिरवी आणि नितळ असते. तिला येऊन मिळणारी आर्व्ह राखाडी असते, सिमेंट कालवलेल्या पाण्यासारखी. वरच्या पुलावरून पाहिले की दोन्ही पाणी बरेच अंतर शेजारी शेजारी वाहताना दिसते. मध्ये कुणी रेघ ओढावी अशी त्यांची सीमा असते, आणि मग हळूहळू ती पुसट होत जाते. आपल्याकडच्या पावसाळी नद्यांचा रंग मातीचा असतो. आर्व्हचा रंग दळलेल्या खडकाचा आहे. माँ ब्लाँ पर्वताच्या उतारांवरचा बर्फ सरकताना खालचा ग्रॅनाइट अक्षरशः पिठासारखा दळतो आणि ते पीठ आर्व्ह नदी ऐंशीएक किलोमीटर वाहून आणते. हिमनदी पाहायच्या एक दिवसाच्या सहलीची सुरुवात खरे तर या पुलावरून करायला हवी. आमची झाली ती बसथांब्यावरून, सकाळी साडेआठला, २०१९च्या सप्टेंबरात.

‘हिमनदी’ हा आपला शब्द मला फ्रेंच किंवा इंग्रजी शब्दापेक्षा सरस वाटत आला आहे. ‘ग्लेसियर’मध्ये नुसता बर्फ आहे. आपल्या शब्दात नदी आहे, म्हणजे ती वाहते हे नावातच सांगून टाकले आहे. पण सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्या माणसाला ते वाहणे कसे दिसावे? मेर द ग्लास ही फ्रान्समधली सर्वांत मोठी हिमनदी. तिचा वरचा भाग वर्षाला शंभर मीटरच्या आसपास सरकतो, म्हणजे तासाला साधारण एक सेंटिमीटर. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत तिच्यासाठी अडीच तास होते, म्हणजे अडीच सेंटिमीटर. खालच्या टोकाकडे वेग याहूनही कमी होतो. जी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही ती लोकांना कळली कशी, हा प्रश्न घेऊन मी गेलो होतो. उत्तर पुस्तकांत होतेच, पण त्याचा बराचसा भाग या सहलीच्या साधनांमध्येच दडलेला निघाला: वाटाड्यांमध्ये, शिड्यांमध्ये आणि पायऱ्यांमध्ये.

अशा सहलीलाही वंशावळ आहे. जून १७४१मध्ये विल्यम विंडहॅम आणि रिचर्ड पोकॉक हे दोन इंग्रज जिनिव्हाहून निघाले. सोबत आणखी काही मित्र, नोकर आणि भरपूर शस्त्रे होती, कारण या डोंगराळ भागात लुटारू असतील अशी भीती होती. भेटले ते शांत शेतकरी. शामोनीत त्यांनी स्थानिक माणसे वाट दाखवायला घेतली, माँतांव्हेरच्या कुरणापर्यंत चढले आणि तिथून बर्फावर उतरले. विंडहॅमने नंतर लिहिलेले पत्र छापले गेले. समोरच्या दृश्याला उपमा सापडेना, तेव्हा त्याने वाचकाला जिनिव्हाचे सरोवर जोरदार वाऱ्याने खवळलेले आणि त्याच क्षणी गोठलेले कल्पायला सांगितले. त्या उपमेतून ‘मेर द ग्लास’, म्हणजे बर्फाचा समुद्र, हे नाव रूढ झाले. गावकरी या बर्फाला पायथ्याच्या ले ब्वा वस्तीच्या नावाने ओळखत. हा ‘शोध’ होता असे युरोपची पुस्तके बराच काळ सांगत राहिली. शामोनीच्या खोऱ्यात अकराव्या शतकापासून मठ होता आणि मठाचा कर वसूल करणारे लोकही येत होते, ही गोष्ट त्या उत्साहात मागे पडली.

उपमा सुंदर होती, पण शास्त्राच्या दृष्टीने नेमकी उलटी. गोठलेले सरोवर जागच्या जागी असते. समुद्र म्हटल्यावर लाटा डोळ्यांपुढे येतात, प्रवाह नाही.

बस आर्व्हच्या काठाने वर चढत होती. आमची वाटाडी, तिशीतली एक चुणचुणीत मुलगी, माइकवरून इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन भाषांत माहिती देत होती. मी हट्टाने उजवीकडची खिडकी धरून बसलो होतो, कारण ले हूश गाव मागे पडले की उजवीकडे बॉसाँ नावाची दुसरी हिमनदी दिसते हे मी नकाशावर पाहून ठेवले होते. पाहायचे होते ते मला तिथेच. मेर द ग्लास हे त्या मानाने निमित्त होते. बॉसाँ दिसली मिनिट-दीड मिनिट. काळसर जंगलाच्या वर, शिखराजवळून थेट दरीच्या दिशेने लोंबणारी, चिरफाळलेली पांढरी जीभ. वाटाडीने तिचे नाव सांगितले आणि लगेच शामोनीत स्वच्छतागृहे कुठे आहेत हे सांगायला घेतले. तिचा दोष नाही. बस तिथे थांबतच नाही.

शामोनीहून माँतांव्हेरला लाल रंगाची दातेरी रुळांची गाडी जाते. १९०९मध्ये ती पूर्ण वरपर्यंत पोचली. पाच किलोमीटर, चढ आठशे मीटरहून जास्त, वेळ वीस मिनिटे. तिच्याआधी प्रवासी खेचरांवरून येत, हातात टोकदार काठ्या घेत आणि घसरू नये म्हणून बुटांवर लोकरी मोजे चढवून बर्फ ओलांडत. गटे येऊन गेला. १८१६च्या जुलैत मेरी आणि पर्सी शेली आले, आणि दोन वर्षांनी छापलेल्या ‘फ्रँकेनस्टाइन’मध्ये मेरीने शास्त्रज्ञ आणि त्याने घडवलेला जीव यांची भेट याच बर्फावर घडवली. १८८०मध्ये वर दगडी हॉटेल उभे राहिले, तेही हॉटेलातून बर्फ दिसावा म्हणून.

गाडीतून उतरून कठड्याशी गेल्यावर आमच्या डब्यातल्या बहुतेकांचा चेहरा पडला. बर्फ दिसतच नव्हता. समोर एक प्रचंड, खोल, राखाडी खंदक होता आणि त्याच्या तळाशी दगडधोंड्यांचा पट्टा. नवी मुंबईच्या एखाद्या खाणीत पाहावे तसे. “हीच का ती?” असे माझ्या पत्नीने विचारले. हीच ती. दगडांच्या चादरीखाली बर्फ होता, आणि तो दूर वळणावर, ग्राँद जोरासच्या सुळक्यांच्या पायथ्याकडे, हळूहळू पांढरा होत जात होता.

बर्फ वाहतो म्हणजे नेमके काय होते, हे इथे थोडे थांबून पाहू. उंचावर पडलेला हिम उन्हाळ्यात पूर्ण वितळत नाही. पुढच्या वर्षीचा हिम त्यावर बसतो, वजनाने खालचे थर दबतात, कणांमधली हवा बाहेर पडते, काही बुडबुड्यांत अडकते, आणि काही वर्षांत त्याचा घट्ट, निळसर बर्फ होतो. निळसर अशासाठी, की जाड बर्फ प्रकाशातला तांबडा भाग शोषून घेतो. थर काही दशक मीटर जाड झाला की तळचा बर्फ स्वतःच्याच ओझ्याखाली काचेसारखा न वागता मळलेल्या कणकेसारखा वागू लागतो, उतारावरून ओघळतो. शिवाय तळाशी पाण्याचा पातळ थर असेल तर खडकावरून घसरतोही. वरचा भाग मात्र ठिसूळच राहतो. खालचे ओढत नेते आणि वरचे ताणले जाऊन फाटते, त्या फाटी म्हणजे हिमदऱ्या. हिशेब बँकेच्या खात्यासारखा असतो. वर जमा, खाली खर्च, आणि मधल्या प्रवाहातून रक्कम वरून खाली जात राहते. खर्च जमेपेक्षा वाढला तर टोक मागे हटते, पण तेव्हाही बर्फ मात्र पुढेच वाहत असतो. ‘हिमनदी मागे सरकली’ या वाक्याने अनेकांचा गोंधळ होतो. सरकत काही मागे नाही. पुढे येणारा बर्फ टोकापर्यंत पोचायच्या आत संपतो.

हे वाहणे प्रथम शिडीने दाखवून दिले. जिनिव्हाचा निसर्गशास्त्रज्ञ सोस्यूर १७८८च्या जुलैत मोजमापांसाठी कोल द्यू जेआँ या खिंडीत पंधराएक दिवस राहिला. वर जाताना हिमदऱ्या ओलांडायला नेलेली एक शिडी माणसांनी वाटेत, एग्वी न्वार सुळक्याच्या पायथ्याशी टाकून दिली. १८३२मध्ये त्या शिडीचे म्हणून ओळखले गेलेले तुकडे काही किलोमीटर खाली बर्फावर सापडले. चव्वेचाळीस वर्षे शिडी कुणी उचलली नव्हती. ती बसून प्रवास करत होती.

दहा वर्षांनी, १८४२च्या उन्हाळ्यात, स्कॉटलंडच्या जेम्स फोर्ब्जने हेच थिओडोलाइट लावून मोजले. काठच्या खडकावर खूण, बर्फावर खूण, आणि दोन्हींतले अंतर रोज. त्याला दोन गोष्टी सापडल्या. बर्फ रात्रंदिवस सरकतो, झटक्याझटक्याने नाही. आणि मधला बर्फ कडेच्या बर्फापेक्षा वेगाने जातो, अगदी पाण्याच्या नदीत जातो तसा. माँतांव्हेरच्या वर बर्फाचा एक धबधबा आहे. त्याच्या पायथ्यापासून खाली काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची माळ निघते. एक काळा आणि एक पांढरा पट्टा मिळून एक वर्ष. मधला भाग पुढे गेल्यामुळे प्रत्येक पट्टा धनुष्यासारखा वाकतो. उंचावरून काढलेल्या छायाचित्रांत हे फार स्पष्ट दिसते. कठड्यावरून, खालच्या कोनातून, अंधुक. एका दिवसाच्या पाहुण्याला बर्फाची कित्येक वर्षे एकदम दिसावीत अशी ही एकच जागा, आणि नेमकी तीच कुणी दाखवत नाही. आमच्या वाटाडीला मी पट्ट्यांबद्दल विचारले तेव्हा तिचा चेहरा उजळला. “हे कुणीच विचारत नाही,” ती म्हणाली, आणि बोट दाखवत वर्षे मोजू लागली.

तिचा पणजोबा शामोनीत वाटाड्या होता. या धंद्याची मुळे स्फटिक शोधणाऱ्यांत आणि रानबोकडांच्या शिकाऱ्यांत आहेत. बर्फावर त्यांचाच वावर असे. १८२१मध्ये इथल्या वाटाड्यांनी आपली संघटना बांधली. गिऱ्हाइके क्रमाने वाटून घ्यायची, म्हणजे रिक्षा स्टँडवरच्या नंबरासारखी पद्धत, आणि अपघातात सापडलेल्यांच्या कुटुंबांसाठी निधी ठेवायचा. त्याला आदल्या वर्षीची एक घटना कारण होती. ऑगस्ट १८२०मध्ये डॉ. हामेल यांची तुकडी माँ ब्लाँ चढत असताना ग्राँ प्लातो या पठाराजवळ हिमकडा कोसळला आणि पिएर बाल्मा, पिएर कारिए, ओग्युस्त तेराझ हे तीन वाटाडे हिमदरीत गाडले गेले. शोध लागला नाही. फोर्ब्जने आपल्या मोजमापांवरून भाकीत केले, की सुमारे चाळीस वर्षांनी त्यांचे अवशेष खाली येतील. १८६१मध्ये ते बॉसाँच्या पायथ्याशी येऊ लागले. त्या दिवशी वाचलेला एक वाटाड्या तोवर म्हातारा झाला होता. आपल्या सोबत्यांच्या, अजून तरुणच असलेल्या अवशेषांची ओळख पटवायला त्यालाच बोलावण्यात आले.

आता त्या उजव्या खिडकीबद्दल. माझे वडील तुर्भ्याला अणुशक्तीच्या आस्थापनेत, कार्यशाळेत होते. २४ जानेवारी १९६६ची संध्याकाळ मला चांगली आठवते, कारण त्या दिवशी इंदिरा गांधींचा शपथविधी झाला होता आणि शाळेतही तीच चर्चा होती. वडील घरी आले, बूट न काढता रेडिओजवळ बसले. मुंबईहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोइंग जिनिव्हाला उतरायच्या बेतात असताना माँ ब्लाँवर आदळले होते. ११७ माणसे, कुणीही वाचले नाही. त्यांत व्हिएन्नाला बैठकीसाठी निघालेले होमी भाभा होते. माझ्या वडिलांनी भाभांना फार तर पाच-सहा वेळा पाहिले असेल, तेही लांबून. तरी ते त्या रात्री जेवले नाहीत. घातपाताच्या कहाण्या पुढे पुष्कळ निघाल्या, अजून निघतात. चौकशीत पुढे आले ते याहून साधे आणि म्हणूनच सोसायला कठीण: पर्वताच्या तुलनेत आपण कुठे आहोत याचा वैमानिकाचा अंदाज चुकला, आणि जमिनीवरून आलेल्या संदेशाचा अर्थ नीट लागला नाही.

त्याआधी ३ नोव्हेंबर १९५०ला एअर इंडियाचेच ‘मलबार प्रिन्सेस’ याच पर्वतावर पडले होते. त्यातले ४८ जण गेले. प्रवासी बहुतेक भारतीय खलाशी होते, विलायतेत जहाजावर रुजू व्हायला निघालेले. त्यांच्याकडे पोचू पाहणाऱ्या तुकडीतला रने पायो हा शामोनीचा वाटाड्याही बर्फात गेला. भाभांच्या नावाने दुसरा अपघात आपल्या लक्षात राहिला. पहिल्यातल्या खलाशांची नावे किती जणांना माहीत आहेत?

दोन्ही विमानांचे अवशेष बॉसाँने हळूहळू खाली आणले. २०१२च्या ऑगस्टमध्ये ‘कांचनजंगा’तली परराष्ट्र मंत्रालयाची टपालाची पिशवी सापडली, आत जुनी वर्तमानपत्रे. पुढच्या वर्षी एका तरुण गिर्यारोहकाला धातूची पेटी मिळाली. तिच्यात पाचू, नीलम, माणके होती. ती त्याने पोलिसांकडे नेऊन दिली. १९६६ ते २०१२ म्हणजे शेहेचाळीस वर्षे, १८२० ते १८६१ म्हणजे एकेचाळीस. आघाताची जागा वेगळी, काळ वेगळा, पण नदीचा हिशेब त्याच घरातला. फोर्ब्जला हे आकडे दाखवले असते तर त्याला नवल वाटले नसते.

माँतांव्हेरला आमच्या वाटाडीने विचारले, “खाली गुहेपर्यंत कोण येणार? पायऱ्या पाचशेहून जास्त आहेत, आणि त्या परत चढायच्याही आहेत.” बर्फात कोरलेली ही गुहा इथले मुख्य आकर्षण. बर्फ सरकतो आणि वितळतो, म्हणून ती दरवर्षी नव्याने कोरावी लागते. १९८८मध्ये स्थानकापासून खाली उतरणारा पाळणा बांधला तेव्हा पाळण्यातून बाहेर पडले की तीन पायऱ्यांवर बर्फ होता. दरवर्षी बर्फ खचला, दरवर्षी लोखंडी जिना वाढवला. तीनाच्या पाचशे झाल्या. खडकावर ठिकठिकाणी वर्षांच्या पाट्या आहेत, त्या त्या साली बर्फ इथवर होता हे सांगणाऱ्या. हिमनदीची जाडी मोजण्याची शास्त्रीय पद्धत वेगळी आणि काटेकोर असते, ते मान्य. पण तिकीट काढून आलेल्या माणसांच्या सोयीसाठी बांधलेला हा जिना हीच मला तिथली सर्वांत प्रामाणिक नोंदवही वाटली. शास्त्रज्ञाने मोजायचे थांबवले असते तरी कंत्राटदाराला पायऱ्या वाढवाव्याच लागल्या असत्या.

हीच पाठलागाची गोष्ट पाण्याचीही. सत्तरच्या दशकात या हिमनदीखालून वाहणारे पाणी अडवून वीज काढायला सुरुवात झाली. पाणी घेण्याचे तोंड बर्फाच्या पोटात होते. पुढे बर्फ हटला, ते उघडे पडले, आणि डोंगराच्या आतून बोगदा खणून ते आणखी वर न्यावे लागले. पाळण्याचेही तेच झाले. आम्ही येऊन गेल्यावर, २०२४च्या सुरुवातीला, नवा पाळणा सुरू झाला. तो बर्फाच्या मागे मागे दरीत बराच वर नेला आहे.

गुडघ्यांमुळे मी १९९०च्या पाटीशी थांबलो. पत्नी पुढे गेली. कठड्याला टेकून बसलो असताना मला सतराव्या शतकातली एक मिरवणूक आठवत होती. तेव्हा हीच हिमनदी वाढत होती, शेते आणि घरे गिळत पायथ्याच्या वस्त्यांपर्यंत येऊन ठेपली होती. गावकऱ्यांनी धर्मपीठाकडे धाव घेतली, आणि १६४४मध्ये शार्ल द साल हा बिशपचा सहायक सुमारे तीनशे माणसांसह बर्फाच्या टोकाशी गेला आणि विधिपूर्वक प्रार्थना केली: मागे जा. पुढच्या काही वर्षांत बर्फ थोडा मागे गेलाही. एकोणिसाव्या शतकात तो पुन्हा वाढला, आणि १८५०नंतर जो हटू लागला तो मध्ये काही दशकांचा थोडा विसावा सोडला तर हटतोच आहे, दोन किलोमीटरहून जास्त. पहिली माघार तापमानाच्या नैसर्गिक चढउतारांची होती. गेल्या काही दशकांचा वेग आपल्या धुराड्यांचा आहे, आणि ज्या बसने मी आलो तिचाही त्यात वाटा आहे, हे लिहून टाकलेले बरे.

तासाभराने पत्नी वर आली, धापा टाकत, एक बाही ओली. “आत सगळीकडून ठिबकतंय,” ती म्हणाली. “हात लावला भिंतीला. काचेसारखी आहे, आत बुडबुडे दिसतात.” ते बुडबुडे म्हणजे कुठल्या तरी जुन्या हिवाळ्याची हवा, असे मी सांगायला लागलो, तर तिने आधी पाणी मागितले.

परतीच्या बसमध्ये बॉसाँ डावीकडे येणार होती आणि डावीकडच्या खिडकीशी ती बसली होती. उतरत्या उन्हात जीभ गुलाबी दिसत होती. “तुमचा तो बॉसाँ हाच ना?” तिने विचारले. हो म्हणेपर्यंत बस वळली. घरी आल्यावर दहा महिन्यांनी, २०२०च्या जुलैत, वर्तमानपत्रात एक छोटी बातमी होती. बॉसाँच्या काठावर उपाहारगृह चालवणाऱ्या एका माणसाला बर्फातून बाहेर आलेली भारतीय वर्तमानपत्रे सापडली होती, जानेवारी १९६६ची. कागद ओला होता, पण मथळे वाचता येत होते: भारताला पहिली महिला पंतप्रधान. त्या माणसाने ती उन्हात वाळत घातली होती.